गाण्यावर दादाचा ठप्पा

कोहमाऱ्याच्या चौकात आमचं मोबाइलचं दुकान आहे. एका अंगाला ढाबा, दुसऱ्या अंगाला टायरवाला, समोर महामार्ग. आता तिथं मी बसते. आधी माझा मोठा भाऊ बसायचा आणि मी त्याच्या हाताखाली असायची. रिचार्ज, चार्जर, फुटलेल्या काचा हे सगळं तेव्हाही होतं, पण खरा धंदा गाण्यांचा. ट्रकवाले उतरायचे, पेन ड्राइव्ह काउंटरवर टाकायचे, "भर दे" म्हणायचे आणि ढाब्यावर जेवायला जायचे. त्यांचं जेवण होईपर्यंत आम्ही ती भरून ठेवायचो.

भरण्याआधी तिच्यात काय आहे ते दादा बघायचा. आपल्याकडे नसलेलं काही दिसलं की ते आधी स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा. ड्रायव्हरांना हे माहीत होतं आणि त्यांची काही ना नव्हती. उलट "मेरे वाले भी रख लो भाई, बढ़िया हैं" असं सांगून जायचे. त्यामुळे हा रस्ता जिथं जिथं जातो तिथली गाणी आमच्या त्या खोक्यात जमा झाली होती. भोजपुरी, तेलुगू, पंजाबी, छत्तीसगढी, ओडिया. एका ड्रायव्हरच्या पेन ड्राइव्हमध्ये गाणं नव्हतंच, त्याच्या लहान मुलीनं म्हटलेले पाढे होते. दादानं तेही ठेवलं होतं, कायले ते त्यालाच ठाऊक.

हे सगळं सांगायचं कारण असं, की मागच्या वर्षी सातासमुद्रापलीकडच्या एका माणसाला त्याच्या मेलेल्या मित्राचं एक गाणं हवं होतं. ते गाणं जगात आता फक्त माझ्याकडे उरलं होतं. आणि त्या गाण्यावर दादा ओरडलेला होता.

ओरडण्याचं आधी सांगते. आमच्या भागात लग्नात, मिरवणुकीत, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत जे गाणं वाजतं त्याच्यावर कोणीतरी ओरडलेलं असतंच. गाणं कोणी लिहिलं, कोणी गायलं याची कोणाला पडलेली नसते, पण ते दणक्यात वाजेल असं ज्यानं तयार केलं त्याचं नाव अर्ध्या तालुक्याला पाठ असतं, कारण तो दर थोड्या वेळानं गाण्यातच आपलं नाव पुकारतो. आम्ही त्याला ठप्पा म्हणायचो. शेजारचे दुकानदार आमची गाणी उचलून आपली म्हणून देऊ लागले तेव्हा दादानंही ठप्पा तयार केला. मागच्या खोलीत डोक्यावरून गोधडी घेऊन, भर उन्हाळ्यात, घामाघूम होत त्यानं तो रेकॉर्ड केला होता. "कोहमारा चौक! आवाज बढाव!" एवढंच. पण काय आवाज होता त्याचा! खणखणीत, आणि शेवटी थोडा हसरा. ट्रक थांबवून लोक विचारायचे, हा कोण ओरडते म्हणून. दादा काउंटरमागं बसून मिशीतल्या मिशीत हसायचा आणि मीच फुगायची.

ठप्पा कुठं मारायचा याचा त्याचा एक नियम होता. गाणं चालू असताना मध्येच ओरडलं तर गाण्याची मजा जाते, असं त्याचं म्हणणं. म्हणून बाजा थांबला, गाणारा दम घ्यायला लागला, जरा शांत झालं, की तिथं दादा. "खाली जागा कायले सोडाची?" तो म्हणायचा. "लोकायले वाटते गाणं संपलं. मंग ते बंद करून टाकतेत." ठप्पा मारलेली फाइल तयार झाली की मूळ फाइल तो पुसून टाकायचा, कारण जागा पुरत नसे. कॉम्प्युटर जुना होता आणि नवा घ्यायचं दरवर्षी दिवाळीनंतर ठरायचं.

तर अशाच एका पेन ड्राइव्हमधून अमेरिकेतले ते दोघे रॅप गाणारे मित्र आमच्या दुकानात आले.

ती पेन ड्राइव्ह आणणारा ड्रायव्हर बंदरावरून कंटेनर घेऊन रायपूरकडे जायचा. अंगानं लहानखुरा, बोलायला कमी. त्याच्याकडं ती गाणी कशी आली हे मी त्याला तेव्हाच विचारलं होतं. तो म्हणाला, बंदरावर कोणीतरी दिली, जहाजावरच्या कोणाचीतरी होती. भाषा समजते का म्हटलं तर म्हणाला, "एक अक्षर नहीं. पर नींद नहीं आती इससे." झोप येऊ न देणारी गाणी म्हणून त्यानं ती जपली होती. दादानं ती उतरवून घेतली, ठप्पे मारले, आणि दोन-चार ड्रायव्हरांना भरूनही दिली. एकानं परत आणून दिली आणि विचारलं, हे काय भांडण भरून दिलं म्हणून.

मला मात्र ती गाणी चिकटली. मी तेव्हा गोंदियाला बी.ए. करत होते आणि सुट्टीत दुकानावर बसायची. इंग्रजी माझं यथातथाच. पण त्या दोघांचं बोलणं ऐकताना मला वाटायचं, हे कोणाला दाखवायला बोलत नाहीयेत. एकाचा आवाज जाड, दुसऱ्याचा पातळ आणि घाईचा. जाड आवाजवाला सुरुवात करायचा, पातळ आवाजवाला त्याचं वाक्य मध्येच उचलायचा आणि भलतीकडेच घेऊन जायचा, आणि मग जाडवाला त्याच्या मागं धावायचा. मागं एक थकलेला पियानो आणि ढोलाचा एकच एक ठोका. वहिनी म्हणायची, "बाई, हे कोणतं गाणं होय? हे तं नुसते बोलून राहिले." मी म्हणायची, बोलू दे, तुझं काय जाते?

त्यातलं एक गाणं मला सगळ्यात आवडायचं. ते मध्येच थांबतं. ठोका जातो, पियानो जातो, आणि पातळ आवाजवाला एकटाच, हळू, जवळजवळ कुजबुजत बोलतो. पुढं कित्येक वर्षांनी शब्द लागत गेले तेव्हा कळलं की तो आपल्या आईबद्दल बोलतोय. ती रात्रपाळीहून घरी येते, दारात बसून बूट काढते, आणि पोरगं झोपलं असेल म्हणून ते आवाज न करता खाली ठेवते. पोरगं जागंच असतं. पुढं तो आणखी एक ओळ बोलतो, पण ती ओळ मला कधीच ऐकू आली नाही, कारण बरोबर तिथंच दादा ओरडतो: "कोहमारा चौक! आवाज बढाव!"

मला त्याचं काहीच वाटायचं नाही, उलट गंमत वाटायची. माझ्यासाठी ते गाणं तसंच होतं. आई बूट ठेवते, दादा ओरडतो, ठोका परत सुरू होतो.

ते दोघं कोण, हे मला फार उशिरा कळलं. मोबाइलवर भरपूर इंटरनेट आलं तेव्हा मी एक दिवस कानाला जसं ऐकू आलं तसे शब्द टाइप करून शोधत बसले. बरेच दिवस काही सापडेना. मग एक व्हिडिओ सापडला, कोणाच्यातरी तळघरात काढलेला, अंधारा. पाहणारे अगदी थोडे. खाली मोजक्याच लोकांनी लिहिलेलं, आणि त्यातला अमेरिकेतला जवळजवळ कोणीच नाही. एक पोलंडमधली बाई होती, जी म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्यायला घरोघर जाते. एक जपानमधला न्हावी. एक चिलीमधला बसवाला. या मंडळींनी एक गट केला होता आणि ती तिथं एकमेकांना आपापली कहाणी सांगायची, की ही जोडी आपल्याला कुठं भेटली. पोलंडच्या बाईला जुन्या बाजारात एका डब्यात त्यांची डिस्क मिळाली होती. न्हाव्याला एका गिऱ्हाइकानं ऐकवली होती. बसवाल्याच्या चुलतभावानं स्केटिंगचा व्हिडिओ पाठवला होता, त्याच्या मागं ते वाजत होते. मला विचारलं तेव्हा मी लिहिलं, "ट्रक." मग सविस्तर लिहावं लागलं. कोहमारा कुठं आहे, पेन ड्राइव्हवर आम्ही गाणी कशी भरून द्यायचो, ड्रायव्हरला झोप कशी यायची नाही. ते सगळे इतके खूश झाले की मला आपण काहीतरी मोठं काम केल्यासारखं वाटलं. चार देशांतली माणसं, पण त्या पियानोबद्दल बोलताना एका मोहल्ल्यातली वाटायची. मला तिथं जीव लागला, खरं सांगते. दुकानात दिवसभर स्क्रीन गार्ड चिकटवणाऱ्या बाईला असं कोण विचारतं?

याच काळात घरात दुसरंच चाललं होतं. दादाला खर्ऱ्याची सवय होती. आमच्याकडे ती कोणाला नाही? सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटायचं आणि गालात धरायचं. त्याच्या गालात जखम झाली, ती भरेना. नागपूरला ऑपरेशन झालं. जबड्याचा तुकडा गेला आणि जिभेचाही. जीव वाचला, आम्ही त्यातच देव पाहिला. पण बोलणं गेलं. म्हणजे तो बोलतो, पण नवख्या माणसाला त्यातलं एक अक्षर कळत नाही. मला कळतं, वहिनीला कळतं, एवढंच. "र" नाही, "ट" नाही, सगळं पाण्यातून आल्यासारखं येतं. पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा एका गिऱ्हाइकानं त्याच्याकडं पाहून मला विचारलं, "हे पिऊन आहेत का?" मी त्या माणसाला दुकानातून हाकललं. त्याचा मोबाइलही फेकणार होते, वहिनीनं हात धरला.

त्या दिवसानंतर दादा काउंटरवर बसणं टाळू लागला. मागच्या खोलीत दुरुस्तीचं काम करायचा. फोन उचलत नसे. लग्नाच्या व्हिडिओत आपण बोलताना दिसणार असं वाटलं की उठून जायचा. आणि एक दिवस त्यानं मला सांगितलं की कॉम्प्युटरवरची ठप्प्याची सगळी गाणी पुसून टाक. मी म्हटलं, सगळी? त्यानं मान हलवली. मग मी त्याच्यासमोर बसून सगळी पुसली, नुसत्या ठप्प्याची फाइलही. पाढे म्हणणारी ती मुलगीसुद्धा गेली. त्या आवाजाचं चौकात आता काही राहू नये असं त्याला वाटत होतं आणि मला त्याचं म्हणणं समजत होतं.

त्या दोघा अमेरिकनांची गाणी तेवढी माझ्या मोबाइलमध्ये होती. ती माझी होती, दुकानाची नव्हती. ती मी का पुसू?

मागच्या वर्षी त्या गटात जाड आवाजवाला स्वतः आला. पोलंडच्या बाईनं त्याला शोधून आणला होता. तो आता एका गोदामात काम करतो. त्यानं लिहिलं की त्याचा मित्र, म्हणजे पातळ आवाजवाला, वारला. मित्राची आई म्हातारी झालीय आणि तिला मुलाचं ते आईवरचं गाणं ऐकायचंय. ते त्यांच्या अल्बमात नव्हतं. कधीतरी काही डिस्क घरीच बनवून त्यांनी गाडीच्या डिकीतून लोकांना वाटल्या होत्या, त्यात ते होतं. पुढं त्यांच्या तळघरात पाणी शिरलं आणि सगळं गेलं. तुमच्यापैकी कोणाकडे असेल का, असं त्यानं विचारलं होतं. पोलंडच्या बाईची डिस्क दुसरी होती. न्हाव्याकडे नव्हतं. बसवाल्याकडे नव्हतं.

मी ते काउंटरवर उभ्या उभ्या वाचलं. माझ्याकडे होतं, आणि बरोबर त्या आईच्या जागी दादा ओरडलेला होता.

आधी मी स्वतः खटपट केली. आवाज वेगळे करणारे नवे प्रोग्राम निघालेत, गाण्यातून बाजा काढून टाकतात आणि नुसता गाणारा ठेवतात. ते करून पाहिलं. पण इथं बाजा नव्हताच. दोन माणसांचे आवाज एकावर एक होते. प्रोग्रामला कळेना कोणाला काढायचं. एकदा त्यानं त्या बिचाऱ्याला काढून दादाला ठेवलं. मी डोक्याला हात लावला. हे काम जमलं तर दादालाच जमणार होतं, कारण ठप्पा त्यानं लावलेला होता, कुठून उचलला आणि कुठं बसवला हे त्याचे हात जाणत होते. पण त्यासाठी त्याला तो ऐकवावा लागणार होता.

मी कितीतरी दिवस टाळलं. एकीकडे एक म्हातारी होती, दुसरीकडे माझा भाऊ. अखेर एका दुपारी, गिऱ्हाईक नसताना, मागच्या खोलीत जाऊन मी त्याला सगळं सांगितलं. तो फोन उघडून सोल्डरिंग करत होता. मी सांगत असताना त्याचा हात थांबला नाही. मग मी म्हटलं, "ते गाणं माझ्याकडं आहे दादा. तुझा ठप्पा आहे त्याच्यावर."

त्यानं सोल्डर गन खाली ठेवली. "तुले कोनी सांगतलं होतं ठेवाले?"

"कोनी नाही. मी ठेवलं."

"मी पुसून टाक म्हटलं होतं."

"दुकानातलं म्हटलं होतं. ते मी पुसलं. हे माझं होय."

"आवाज माझा होय ना?"

मला राग आला. त्याच्यावर नाही, कशावर ते सांगता यायचं नाही, पण बोलले त्यालाच. "तुझा आवाज का तुझ्या एकट्याचा होता? आमी नाही का ऐकला? लहानपनापासून मले हाक मारली तो कोनाचा होता?" वहिनी दारात येऊन उभी राहिली आणि आम्हाला पाहून परत गेली. दादानं टेबलावरचा उघडा फोन बाजूला सरकवला. मग त्यानं हात पुढं केला. मी मोबाइल दिला.

त्यानं हेडफोन लावला, म्हणून मला काही ऐकू आलं नाही. मी नुसती त्याचा चेहरा पाहत होते. आधी तो धंद्याच्या माणसासारखा ऐकत होता, मान तिरपी करून. मग ती जागा आली. मला गाणं पाठ आहे, कुठं ती येते ते मला कळतं. दादानं डोळे मिटले नाहीत की काही नाही. फक्त त्याचे ओठ हलले, आवाज न करता, ठप्प्याबरोबर. गाणं संपल्यावर हेडफोन काढून तो म्हणाला, "लय जोरात ओरडलो होतो बे." आणि कामाला लागला.

पुढचे कितीतरी दिवस तो त्याच एका जागेवर बसलेला असायचा. जेवायला हाक मारली तरी उठत नसे. वहिनी पातळ खिचडी घेऊन दुकानात यायची आणि माझ्याकडे असं पाहायची की जणू मीच त्याला परत खर्रा दिलाय. दादानं आवाज चिरून पाहिला, दाबून पाहिला, त्या दोघांच्या दुसऱ्या गाण्यांवरचा ठप्पा उचलून, या ठप्प्यावर उलटा लावून तो खोडता येतो का तेही पाहिलं. पण ठप्प्याची मूळ फाइलच उरली नव्हती, ती माझ्याच हातानं गेली होती. शेवटी तो म्हणाला, "नाही निघत." आणि थोड्या वेळानं, "मले वाटलं होतं खाली जागा आहे." असं म्हणताना त्याचे डोळे भरले. मला पहिल्यांदाच त्याची दया आली. नागपूरलासुद्धा आली नव्हती, तिथं नुसती भीती होती.

मग आम्ही त्या लहानखुऱ्या ड्रायव्हरला शोधलं. त्याच्याकडं मूळ असेल, बिनठप्प्याचं. ढाब्यावर विचारलं, टायरवाल्याला विचारलं. कोणीतरी नंबर दिला. तो आता गाडी चालवत नाही, गावी असतो. पेन ड्राइव्ह? कधीच हरवली, म्हणाला. पण गाणी आठवत होती त्याला. "वो लड़ने वाले, ना?"

दुसरा इलाजच नव्हता. मी जाड आवाजवाल्याला खरं काय ते लिहिलं. गाणं आहे, पण त्यावर माझ्या भावाचा आवाज आहे. आमच्याकडे अशी पद्धत आहे, पुसायचा खूप प्रयत्न केला, पुसला जात नाही. त्याला फार वाईट वाटतंय. असं सगळं, मोडक्या इंग्रजीत. दादाच्या आजारपणाचं लिहिलं नाही, तो आमच्या घरचा मामला होता. गाणं पाठवलं तेव्हा दादा मागं उभा होता. "तो शिव्या देईन," म्हणाला. मी म्हटलं, देऊ दे, इथवर थोडीच ऐकू येनार आहे?

उत्तर लगेच आलं नाही. ते दिवस वाईट गेले. दादा मला विचारत नव्हता आणि मी त्याला सांगत नव्हते, पण मी मोबाइल हातात घेतला की मागच्या खोलीतलं काम थांबलेलं मला कळायचं. कापणी सुरू झाली होती, चौकातून धानाचे ट्रॅक्टर जात होते, गिऱ्हाइकं कमी होती. मला वाटू लागलं की आपण नसतं पाठवलं तर बरं झालं असतं. म्हातारीनं मुलाची कुजबुज ऐकायला कान लावला असेल आणि हा बाबा ओरडला असेल, तर तिचं काय झालं असेल?

एका संध्याकाळी उत्तर आलं. त्यानं लिहिलं होतं की तो म्हातारीच्या घरी गेला. स्वयंपाकघरात बसून त्यांनी ऐकलं. पहिल्यांदा ठप्पा आला तेव्हा ती दचकली, आणि मग हसली. मग तिनं परत लावायला सांगितलं. परत. ती म्हणते की ठप्प्याखालची ओळ तिला ऐकू येते. त्याला स्वतःला येत नाही, आणि ती ओळ काय होती ते आता त्यालाही आठवत नाही, पण तिला येते म्हणते, आणि काय ते सांगत नाही. गाणं ती रोज लावते. ठप्पा काढू नका, असा तिचा निरोप आहे. आणि खाली लिहिलं होतं: ती विचारते आहे, तो दुसरा मुलगा कोण? एवढ्या जोरात ओरडतो तो. तो बरा आहे ना?

हे मी दादाला वाचून दाखवलं, मराठी करून. दादा स्टुलावर बसला होता. त्यानं मला परत वाचायला सांगितलं, नुसतं शेवटचं. मी वाचलं. मग म्हटलं, "लिहून देते, बरा आहे म्हनून."

"लिहू नोको," तो म्हणाला. "तिनं लिहिलेलं कायले वाचावं? तिले ऐकाचं आहे." आणि हात पुढं केला.

रेकॉर्डिंगचं बटण कुठं आहे हे मला दाखवावं लागलं नाही. त्यानं ते दाबून धरलं, मोबाइल तोंडाजवळ नेला, आणि ज्यानं कित्येक महिने साधा फोन उचलला नव्हता तो माझा भाऊ त्या अनोळखी म्हातारीला म्हणाला, "मी बरा आहो, माय." त्या "बरा"तला "र" निघाला नाही. बाहेर ट्रक गेला त्याचाही आवाज आत आला. त्यानं बटण सोडलं.

मी पाठवायला बोट पुढं केलं तर त्यानं माझा हात बाजूला केला. ऑपरेशननंतरचा स्वतःचा आवाज त्यानं रेकॉर्ड करून एकदाही ऐकला नव्हता. त्यानं आधी अंगठ्यानं मोबाइलचा आवाज पूर्ण वाढवला, मग ते लावलं. चौकात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ते वाजलं. वहिनी आतून धावत आली. दादानं शेवटपर्यंत ऐकलं, ट्रक जाईपर्यंत.

"धाडून दे," तो म्हणाला.